खड्डा आणि चिंचेचं रोप

जैनथ गावातल्या चहाच्या टपरीवर हा माणूस मला रोज भेटतो. चुनखडीच्या खाणीवर कंपनीचा पैसा कुठे घालायचा, याचा हिशोब तोच करतो. चहा बशीत ओतून घाईने पितो. "थंडा झाला की चहाची किंमत गेली, भाऊ. पैशाचंबी तसंच हाय."

गावाला लागून खाणीचा जुना खड्डा आहे. त्यात गुरं पडतात, उद्या लेकरू पडेल. तो बुजवा, निदान कुंपण तरी घाला, अशी आमची मागणी. कंपनीने मात्र त्या पैशात दगड फोडायचं नवं क्रशर घेतलं. मी जाब विचारला, तर हा शांतपणे म्हणाला, "क्रशर आजपासून कमावते. खड्डा तीस सालानं बुजवू. तवर पैसा कामाले लावला तर वाढत राह्यते, म्हणून तवाचा खर्च आजच्या भावानं पाह्यला तर चिल्लर हाय. शास्त्रच हाय तसं."

म्हणजे आमची लेकरं चिल्लर! मी हादरलोच. संतापाने पत्रक छापलं आणि द्यायला थेट त्याच्या घरी गेलो. तो अंगणात उकिडवा बसून चिंचेचं रोप लावत होता.

"साहेब, चिंचा खाणार कधी?"

"मले कायले पायजे? तीस सालानं पोरीचे पोरं सावलीत खेळतीन."

"तीस सालानंतरचं तर चिल्लर ना?"

वाटलं, आता तरी ओशाळेल. तो मोकळेपणाने हसला. "घरच्या झाडाले असा हिशोब लावते का कोणी?"

मग शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून त्याने रोपाभोवती काट्यांचं कुंपण घातलं, अगदी निगुतीने. खड्डा अजून उघडाच आहे.