हुजुरांची पाठ

भोंग्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. खानकाहमध्ये, म्हणजे सूफींच्या मठात, त्याचं काम एकच: म्हातारे हुजूर गादीवरून जे पुटपुटतील ते अंगणाच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं. अर्थ लावण्याच्या भानगडीत तो कधी पडला नाही. कानातून आलं की तोंडातून गेलं.

निम्मं शहर हुजुरांचं शिष्य. त्यामुळे निवडणूक आली की उमेदवारांना भक्तीचं भरतं येई. यंदा नगराध्यक्ष आणि त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मुख्याध्यापिका बाई, दोघंही एकाच वेळी येऊन धडकले. अध्यक्ष गादीच्या उजवीकडे बसले, बाई डावीकडे.

"हुजूर, कृपादृष्टी असू द्या," अध्यक्ष म्हणाले.

हुजूर कुजबुजले. भोंग्यानं छाती फुगवली.

"पाठ... उजवीकडे!"

"पाठिंबा!" अंगणातून कुणीतरी ओरडलं. अध्यक्षांची माणसं नाचायलाच लागली.

हुजूर वळवळले, पुन्हा कुजबुजले.

"आता डावीकडे! जरा खाली!"

आता बाईंची माणसं उठली. अध्यक्ष लालबुंद झाले. "खाली म्हणजे? मला खाली खेचताय?"

तेव्हा कुठे भोंग्याच्या डोक्यात उजेड पडला. "अहो, हुजुरांची पाठ खाजतेय!"

"वा! काय गूढ बोलतात हुजूर," मागे बसलेला शिंपी डोळे मिटून म्हणाला.

पाठ खाजवता खाजवता भोंग्यानं हुजुरांच्या कानाशी लागून माफी मागितली. हुजूर ठसका लागेपर्यंत हसले. मग बराच वेळ काहीबाही सांगत राहिले. भोंगा उठला.

"हुजूर म्हणतात, आमच्या आजोबांनी इथं बसून राजे बसवले, राजे उठवले. त्यात मठाला जमिनी मिळाल्या आणि आजोबांची झोप गेली. मला झोप हवी आहे. ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं मत द्यावं."

अंगणभर माना डोलल्या.

"ते झालं," शिंपी म्हणाला, "पण म्हणजे नक्की कुणाला?"

भोंग्यानं कपाळावर हात मारून घेतला.

निवडून आल्या बाई. डावीकडे शेवटी म्हटलं होतं ना, असं लोक अजून सांगतात. बाई आभार मानायला आल्या, तर भोंग्यानं त्यांना तापल्या पोरांना हुजुरांच्या दुव्यासाठी घेऊन आलेल्या आयांच्या रांगेत शेवटी बसवलं. रांग सरकेना. बाईंना शाळेच्या गळक्या छताबद्दल ऐकून घ्यावं लागलं, आणि पुढच्या आईनं तर गल्लीतला नळ कबूल करून घेतल्याशिवाय त्यांचा पदरच सोडला नाही.