चौकटीतला दाखला

जोहान्सबर्गला लेकीकडे राहायला आलोय. गल्लीच्या तोंडाशी थांडी नावाच्या बाईचं गणवेश शिवायचं दुकान आहे. सकाळी शटर उघडलं की ती आधी भिंतीवरच्या एका चौकटीची काच पुसते. मला वाटलं, देवाची तसबीर असेल. जवळून पाहिलं तर पोलिसाच्या सहीशिक्क्याचा कागद.

“मी काळी आहे आणि हा धंदा माझा आहे, असं त्यात शपथेवर लिहिलंय,” ती म्हणाली. “काळ्यांचे धंदे वर यावेत म्हणून सरकारनं कायदा केलाय, त्यात या कागदावर दुकानाला पहिला दर्जा मिळतो. तो बघून मोठ्या कंपन्या आम्हाला काम देतात, बाबा.”

कागद दरवर्षी नवा करावा लागतो. शपथ घ्यायला पोलीस ठाण्यात जाताना ती आईला सोबत नेते. गोऱ्यांच्या राज्यात, काळ्यांना शहरात फिरायला सक्तीचा असलेला पास जवळ नव्हता म्हणून, आईला त्याच ठाण्यात दोन दिवस कोंडलं होतं. आता म्हातारी ठेवणीतला झगा घालून बाकावर बसते आणि शिक्का उठल्याचा आवाज ऐकल्याशिवाय हलत नाही.

मला माझा जातीचा दाखला आठवला. त्याच्यावर माझी फी माफ झाली, वसतिगृहात दोन वेळचं जेवण मिळालं. तरी कॉलेजच्या खिडकीत मी तो नेहमी पालथा सरकवायचो, रांगेतल्या मुलांना दिसू नये म्हणून.

आज सकाळी थांडीकडून फडकं मी मागून घेतलं. काच कोपऱ्यापर्यंत पुसली. माझ्या कागदाचे कधी मानले नव्हते, ते आभार तिच्या कागदापुढे मानून घेतले.