शकुबाईंनी वाचलेली लाल सूचना

सणसरच्या शकुबाई पन्नाशीत लिहायला-वाचायला शिकल्या. तेव्हापासून समोर येईल ते त्या वाचतात. खताच्या पोत्यावरचं, एसटीच्या पाटीवरचं, फोनवरचंसुद्धा. बोट ठेवून, सावकाश.

फोन लेकीनं, वैदेहीनं दिलेला. ती बारामतीत नोकरी करते. तिनं त्यात अँटिव्हायरस घालून सगळं मराठीत करून दिलं होतं. "आई, ही राखण हाय. लाल अक्षरं दिसली तर वाचल्याबिगर पुढं जाऊ नको."

यंदा लगीनसराईत एका सकाळी शेजारच्या अजितच्या नंबरावरून लग्नपत्रिका आली. अजित दूध संकलन केंद्रावर कामाला, घरातल्यासारखाच. शकुबाईंनी पत्रिकेवर बोट टेकवलं आणि स्क्रीन लाल झाली. त्यांनी अक्षर अक्षर लावलं. 'धोकादायक फाइल. हे अ‍ॅप तुमचे मेसेज वाचू शकते.' त्यांनी 'काढून टाका' दाबलं आणि पायात चप्पल सरकवून थेट अजितचं घर गाठलं.

"अजित, कुणाचं लगीन हाय रं?"

"कुणाचंच न्हाय, काकी. तुमी चौथ्या इचारणाऱ्या. काल मामाच्या नंबरावरनं मला पत्रिका आली. उघडली तर आत कायबी न्हाय."

"लाल सूचना आली न्हाय?"

अजित ओशाळला. "माझा अँटिव्हायरस सारखं अपडेट मागायचा. काढून टाकला मी."

शकुबाईंनी तिथूनच वैदेहीला फोन लावला. तिनं सांगितलं, "ते अ‍ॅप बँकेचे ओटीपी चोरतं. आधी अजितच्या फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरनं बँकेला कळवा. मी येते."

बँकेनं अजितचं खातं वेळेत थांबवलं. पण अजितच्या फोनमधल्या सगळ्यांना पत्रिका गेली होती आणि त्याला कुणाला तोंड दाखवायचं धाडस होईना. मग शकुबाईच ग्रामपंचायतीत गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माइक हातात घेतला.

"मी शकुबाई बोलतीया. अजितच्या नंबरावरनं आलेली पत्रिका उघडू नका. ती त्यानं धाडली न्हाय. उघडली आसंल तर लाजू नका, नेट बंद करा आन् हितं या."

दुपारपर्यंत अकरा जण आले. तिघांनी पत्रिका उघडली होती. वैदेहीनं आल्याबरोबर अजितच्या आणि त्या तिघांच्या फोनमधलं चोर अ‍ॅप काढलं, अँटिव्हायरस घातला, फोन तपासून दिले. बाकीच्या आठ फोनांत अँटिव्हायरस आधीच होता, त्यानं फाइल दारातच अडवली होती.

अजित ते बघत उभा होता. थोड्या वेळानं तो खुर्ची ओढून वैदेहीजवळ बसला.

"अपडेट कसं करायचं, मलाबी दाव. उद्या केंद्रावर दूध घालायला येणाऱ्यांना सांगतो."

"सांग," शकुबाई म्हणाल्या, "पण आधी ती लाल अक्षरं त्यास्नी वाचू दे."