अमेलियाला उशीर का व्हायचा

डिचोलीतल्या मैत्रिणींनो, मोझांबिकच्या खेड्यात शिकवणं कसं चाललंय, असं सगळ्या विचारता. आजचं सांगते.

माझ्या वर्गातली बारा वर्षांची अमेलिया रोज उशिरा यायची. काल मी सगळ्यांसमोर तिला ओरडले, "उद्या वेळेवर आलीस तरच आत घेईन."

आज ती आलीच नाही. मुलं म्हणाली, तिला साप चावलाय. मी तशीच उन्हातून तिच्या घरी धावले.

तिथे तिच्या आईकडून सगळं कळलं. उन्हाळ्यात इथली विहीर आटते. अमेलिया रोज उजाडल्यावर शेजारणींबरोबर दूरच्या नदीवरून पाणी आणायची आणि मग शाळेत यायची. आज वेळेवर पोचायचं म्हणून ती अंधारातच एकटी निघाली.

वडील तिला दवाखान्यात घेऊन गेले होते. त्यांचा फोन आला, जीव वाचेल, पायाचं सांगता येत नाही.

मी तिच्या आईला म्हटलं, "मी कारण विचारलंच नाही."

ती शांतपणे म्हणाली, "टीचर, आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

तीस वर्षं डिचोलीत शिकवलं. तिथेही उशिरा आलेल्या मुलांना मी न विचारताच वर्गाबाहेर उभं करायचे. तुमच्यातही शिक्षिका आहेत. खरं सांगा, तुम्ही विचारत होता?