भाऊजींचा अर्ज

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या ताईच्या यजमानांना, खोटं बोलता येत नाही असा आमच्या घरात लौकिक होता. लग्नानंतर महिन्याभरात माझ्या वडिलांनी नवा कोट घालून "कसा दिसतो?" असं त्यांना विचारलं, तेव्हा "कोट छान आहे, फक्त त्यात तुम्ही मावत नाही," असं नव्या जावयाने सांगितलं होतं. वडिलांनी तो कोट पुन्हा घातला नाही. अशा माणसाने आयुष्यात एकच खोटं बोलावं आणि त्यालाच ते इतकं महाग पडावं, हे मला अजून पचलेलं नाही.

भाऊजी चोवीस वर्षं पंपांच्या कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात होते. खोक्यांवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायची त्यांची पद्धत होती. लाल म्हणजे तातडीचं, पिवळी म्हणजे जपून, निळी म्हणजे वाटेत उतरवायचं. वाचता न येणाऱ्या हमालालाही कळायचं. चोवीस वर्षांत एक खोकं चुकीच्या दारात गेलं नाही. मग एका सकाळी कारखान्याच्याच दाराला कुलूप लागलं. भाऊजी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते आणि लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. घरात फिरणारं एकच चाक उरलं, ते ताईच्या शिलाई मशीनचं.

नोकरी शोधताना माणूस किती चपला झिजवतो हे आपण वाचलेलं असतं. भाऊजींनी खरोखर दोन जोड संपवले. एका ठिकाणी लेकीच्या वयाच्या साहेबाने विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"चोपन्नाव्या वर्षात," भाऊजी म्हणाले.

साहेब म्हणाला, "कळवतो." 'कळवतो' हे न कळवण्याचं सभ्य नाव आहे, हे भाऊजींना एव्हाना पाठ झालं होतं.

अशातच ते शेजाऱ्याला सोबत म्हणून मोठ्या इस्पितळात गेले. शेजाऱ्याचा नंबर येईपर्यंत भाऊजी बाकावर बसून माणसांची येजा बघत होते. रक्त तपासायला आलेली आजी एक्स-रेच्या रांगेत उभी, एक्स-रेवाला औषधाच्या खिडकीशी भांडतोय, आणि एक गृहस्थ तासभर रांगेत उभं राहून शेवटी कॅन्टीनच्या खिडकीशी पोचलेले. भाऊजींच्या जिवाची घालमेल झाली. इतकी खोकी, आणि सगळी चुकीच्या दारात! ते उठले आणि आजीला हाताला धरून घेऊन गेले. परत आले तर दुसरा उभाच. दुसऱ्या दिवशी ते घरून रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या कापून घेऊन गेले. केसपेपरला लाल चिठ्ठी टाचली की रक्त, पिवळी म्हणजे एक्स-रे, निळी म्हणजे औषधं. भिंतींवरही त्याच रंगांचे बाण. आठवड्याभरात रांगा सुतासारख्या सरळ झाल्या.

"म्हणजे तुम्ही माणसांची पार्सलं केलीत!" ताई म्हणाली.

"पार्सलं निदान पोचतात तरी," भाऊजी म्हणाले.

मेट्रनबाईंनी त्यांना दारापाशी एक टेबल दिलं आणि सहज विचारलं, "काका, आपण काय करता?"

इथे ते खोटं घडलं. नोकरी मागायला गेलं, की "सध्या काही नाही" म्हटल्याबरोबर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे भाऊजींनी वर्षभर बघितलं होतं. डोळे आधी कपड्यांवर जातात, मग घड्याळाकडे. या एका ठिकाणी तरी चेहरा बदलू नये असं त्यांना वाटलं असणार. ते म्हणाले, "निवृत्ती घेतली लवकर. देवदयेने सगळं आहे. म्हटलं, जरा सेवा करावी."

मेट्रनबाईंचा चेहरा बदलला, पण चांगल्या बाजूने. तिथून भाऊजी इस्पितळाचे काका झाले. सकाळी नऊ ते एक टेबल, दुपारी नोकरीसाठी वणवण. कुणाला फॉर्म भरता येत नसला की भाऊजी एक फॉर्म स्वतः भरून 'नमुना' म्हणून भिंतीला लावत. बघा आणि लिहा. ऑफिसातला कारकून, ज्याला सगळे भाऊ म्हणायचे, त्यांच्यावर बेहद्द खूष होता. "काकांचं अक्षर म्हणजे छापखाना," असं तो येईल त्याला सांगायचा.

आठ महिन्यांनी त्या टेबलासाठी पगारी जागा मंजूर झाली. चौकशी सहायक. मेट्रनबाई स्वतः सांगायला आल्या, "काका, तुमच्यामुळे झालं हो हे! वरच्यांना आत्ता कळलं की हे काम असतं."

त्या संध्याकाळी भाऊजी घरी आले ते शीळ घालत. ताईने मशीन थांबवलं.

"अहो, मग सांगा ना त्यांना तुम्हालाच हवीय म्हणून."

"कसं सांगू? आठ महिने निवृत्त म्हणून मिरवलोय. तोंडाने नाही सांगता यायचं. अर्ज करतो. अर्जाला लाज नसते."

त्यांनी अर्ज भरला. एवढा सुरेख अर्ज त्यांनी कुठेच केला नसेल. प्रत्येक रकाना भरला. 'सध्याचा व्यवसाय' या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून मग लिहिलं, 'बेकार'. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या पेटीत कुणी बघत नाहीसं बघून टाकला आणि खाली येऊन टेबलाशी बसले. सगळ्या अर्जदारांनी गुरुवारी अकराला वर हजर राहावं अशी सूचना होती.

गुरुवारी ताईने शर्टला दोनदा इस्त्री केली. भाऊजी दाखल्यांची फाईल घेऊन वर गेले. व्हरांड्यात दहाबारा जण बसले होते. त्यांच्या डोक्यावरच्या फलकावर भाऊजींचा अर्ज लावलेला होता. चारी कोपऱ्यांना टाचण्या, आणि वर लाल शाईत, भाऊच्या अक्षरात: 'नमुना. याप्रमाणे भरावा.'

भाऊजी तिथेच उभे राहिले. तेवढ्यात भाऊ बाहेर आला.

"काका, कमाल केलीत! मी सांगायच्या आधीच नमुना पेटीत टाकून मोकळे! आणि किती बारकाईने भरलाय, 'बेकार'सुद्धा लिहायला विसरला नाहीत. एका पठ्ठ्याने तर तुमच्या वडिलांचं नावही उतरवून काढलंय!"

बाकावरचे दोघंतिघं हसले. भाऊजींनीही हसायचा प्रयत्न केला. म्हणाले, "भाऊ, तो अर्ज..." पण मेट्रनबाईंनी दार उघडलं. "अहो काका, तुम्हालाच बोलवायला माणूस पाठवत होते. या, या."

आत टेबलाच्या एका बाजूला एकच खुर्ची होती. भाऊजी तिच्याकडे वळले. मोठे डॉक्टर उठून म्हणाले, "तिथे कुठे? इकडे बसा, आमच्यात. प्रश्न तुम्हीच विचारायचे. काम तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

"डॉक्टर, मला जरा बोलायचं होतं," भाऊजी म्हणाले.

"पगाराबद्दल ना? मला माहीत आहे, अगदीच किरकोळ आहे. मी मेट्रनबाईंना म्हटलंही, काकांसारखा माणूस असता तर किती बरं, पण घरचं सगळं ठीक असलेल्या माणसाला एवढ्याशा पगारावर 'या' म्हणणं म्हणजे अपमान. हां, काय म्हणत होतात?"

"काही नाही," भाऊजी म्हणाले. "सुरू करू या."

फाईल मांडीवर टेबलाखाली ठेवून त्यांनी अकरा जणांना प्रश्न विचारले. आजी उपाशीपोटी आलीय आणि रांग लांब आहे, काय कराल? एक्स-रेवाला शिव्या देतोय, काय कराल? सातवी आली ती तिशीतली एक बाई. आपल्या वडिलांना ती दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिसला आणत होती, त्यात तिची नोकरी गेली होती. प्रत्येक जिना तिला पाठ होता. ती म्हणाली, "आजीला मी रांगेत उभं नाही करणार. बाकावर बसवून तिची चिठ्ठी हातात घेऊन मीच उभी राहीन. काकांना तसं करताना बघितलंय."

भाऊजींनी तिला दहापैकी दहा दिले. चुकीच्या दारात खोकं पाठवणं त्यांच्या हातून झालंच नसतं, स्वतःसाठीसुद्धा. निवडीच्या कागदावर पहिली सही त्यांची आहे.

तिथून ते घरी गेले नाहीत, माझ्याकडे आले. हे सगळं खुर्चीच्या कडेवर बसून, जणू दुसऱ्या कुणाची गंमत सांगावी तसं सांगितलं. मी म्हटलं, "भाऊजी, एक शब्द बोलायचा होता!"

"बोललो असतो रे. पण मग त्या सातव्या बाईंना, जागा गेली म्हणून, बाहेर जाऊन कोण सांगणार होतं? आणि डॉक्टर मान खाली घालून बसले असते. मला ते बघवलं नसतं." मग म्हणाले, "तुझ्या ताईला तू सांग. मी इथेच बसतो."

मी गेलो. ताई दारातच होती. माझा चेहरा बघून तिने ओळखलं. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता रडेल, नाहीतर मेट्रनबाईंच्या नावाने बोटं मोडेल. तिने विचारलं, "ती बाई बरी आहे ना?"

"भाऊजी म्हणतात, उत्तम आहे."

"मग असेलच," ताई म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने मशीन सुरू झालं. पण सुईखाली कापड नव्हतं. रिकामंच चालत होतं.

नव्या बाईंना शिकवायला भाऊजी रोज जात राहिले. मी चिडून विचारलं, "कशाला?" तर म्हणाले, "चिठ्ठ्या कापायचं माप कोण सांगणार?" ती हुशार निघाली. शिकवायला महिना लागेल असा त्यांचा अंदाज होता, तिने नऊ दिवसांत सगळं उचललं. दहाव्या दिवशी मेट्रनबाईंनी सगळ्यांना चहा पाजला, टाळ्या वाजल्या. मेट्रनबाई म्हणाल्या, "काका, खूप केलंत आमच्यासाठी. आता सुटलात तुम्ही! आता मजेत घरी राहायचं."

मी त्यांना आणायला गेलो होतो. पायऱ्या उतरताना त्यांनी एकदा मागे वळून बघितलं. टेबलापाशी रांग सरळ होती.

"चला," भाऊजी म्हणाले, "आता इथे यायचं तर आजारी पडायला हवं."

त्यांच्या विनोदांना मी नेहमी हसतो, तसा हसलो. रस्त्यावर आलो. त्यांनी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, आणि मला विचारलं, "कुठे जाऊ या?"

सकाळचे साडेदहा वाजले होते.