दिलीपदादांची अडई

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडच्या गेटवर पास तपासून बस पुढे सरकली आणि माझ्या फोनवर दिलीपदादांच्या मुलीचा, ऋचाचा मेसेज आला. इंग्रजीत, एका ओळीचा. बाबा आज सकाळी गेले. मी तो दोनदा वाचला, मग तिसऱ्यांदा. शेजारची सीट रिकामी होती, पण दिलीपदादा दोन दिवस सुट्टीवर आहेत हे मला माहीत होतं, त्यामुळे क्लेमेंटीपासून इथपर्यंत त्या रिकाम्या सीटचं मला काहीच वाटलं नव्हतं. एकदा बेटावर शिरलं की बस मध्ये कुठे थांबत नाही. आमच्या प्लांटपर्यंत पोहोचायला अजून वीस मिनिटं होती. ती वीस मिनिटं मी कशी बसून काढली, ते आठवत नाही.

दिलीपदादा सकाळी चहा ठेवायला उठले आणि ओट्यापाशीच कोसळले. अँब्युलन्स आली तोवर सगळं संपलं होतं. दुपारी मी त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा त्यांच्या पत्नी शुभावहिनी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "अगं, काल संध्याकाळी चांगले जेवले होते..." आज या गोष्टीला सहा आठवडे झाले.

दिलीप म्हात्रे रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. मी प्रोसेसमध्ये, त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान. मी पुण्याहून इथे नवीन आले तेव्हा कंपनीच्या बसमध्ये माझं आडनाव पासवर वाचून त्यांनी विचारलं होतं, "मराठी का? मग इथे बस." पुढची नऊ वर्षं मी तिथेच बसले. मंडळाच्या गणपतीत आणि दिवाळी पहाटेला लोक त्यांना अबोल समजायचे. एखाद्या खुर्चीत बसून राहायचे, कुणी बोललं तर हसायचे. बसमध्ये मात्र ते बोलत, आणि बहुतेक वेळा एकाच विषयावर. त्यांच्या गावचं खाजण.

धरमतरच्या खाडीकाठचं त्यांचं गाव. खाडीचं पाणी भरतीला बांधाच्या आत शिरून पसरायचं, तिवरांच्या कडेने मोठमोठी उथळ तळी तयार व्हायची आणि थंडी पडली की त्यांवर हजारो बदकं उतरायची. दिलीपदादांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, पण खरी शिकार ते मडक्याने करायचे. मला हे आधी खरंच वाटलं नव्हतं. चार-पाच रिकामी मडकी तळ्यात पालथी सोडून द्यायची. पक्षी पहिल्या दिवशी बिचकतात, तिसऱ्या दिवशी मडक्याला घासून पोहतात. मग डोळ्यांपुढे दोन भोकं पाडलेलं तसलंच एक मडकं डोक्यावर घालायचं, गळ्यापर्यंत पाण्यात शिरायचं आणि वाऱ्याने मडकं वाहावं तितक्याच सावकाश पुढे जायचं. बदक हाताच्या अंतरावर आलं की पाण्याखालून त्याचे पाय धरायचे आणि एका झटक्यात खाली ओढायचं. शेजारच्या बदकांना वाटतं, याने बुडी मारली. "बंदुकीचा एक बार काढला की सगळा थवा उठतो," दिलीपदादा सांगायचे. "मडक्याला आवाज नसतो. मी एका दमात पाच-पाच आणलीत. आई आगरी मसाला घालून रस्सा करायची, तांदळाची भाकरी. ती चव अजून जिभेवर आहे बघ."

मी एकदा विचारलं, मग शिकार सोडलीत कधी? मला वाटलं, एखादा प्रसंग सांगतील, काळीज हललं वगैरे. ते म्हणाले, "सोडली नाही गं, सुटली. मी मुंबईला कॉलेजात गेलो, नोकरी लागली. इकडे खाजणात भराव टाकला, गोडाऊनं आली. बदकंच येईनात. मग कुणाला मारणार?" आणि खिडकीतून टाक्यांच्या रांगा बघत बसले.

सिंगापूरला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तेव्हा एका संध्याकाळी उत्तरेला क्रांजीच्या बाजूला कुणाला तरी सोडून परतताना त्यांनी डोक्यावर शीळ ऐकली. वर न बघताच त्यांनी ओळखलं. अडई. उडताना शीळ घालणारं तांबूस बदक, त्यांच्या खाजणात बारा महिने राहणारं. इथेही ते राहतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. घरी येऊन शुभावहिनींना म्हणाले, "आपल्याकडची अडई दिसली." वहिनींना वाटलं, गावाकडची कुणी बाई भेटली.

त्यानंतर ते क्रांजीच्या पाणथळीवर दर महिन्याला पक्षी मोजणाऱ्या हौशी लोकांच्या गटात जाऊ लागले. गटाच्या प्रमुख मॅडम लिम. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, बुटक्या, उन्हाची मोठी टोपी घालणाऱ्या, हातात कायम क्लिपबोर्ड. माझी आई पुण्यात वारली आणि मला विमान गाठता आलं नाही, त्या महिन्यात दिलीपदादा मला म्हणाले, "रविवारी चल माझ्याबरोबर. बोलायचं नाही, काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं." मी गेले. आणि मग जातच राहिले.

तिथे मला वेगळेच दिलीपदादा दिसले. बाकीचे दुर्बिणीतून एक-एक पक्षी मोजत असायचे, हे डोळे किलकिले करून थव्याकडे एकदा बघायचे आणि आकडा सांगायचे. फोटो काढून नंतर मोजलं तर दोन-चारचाच फरक निघायचा. गवतात दडलेली पिल्लं कुठे असतील ते सांगायचे, आणि ती तिथेच असायची. मॅडम लिम त्यांच्यावर खूष होत्या. एका रविवारी मोजणी झाल्यावर सगळे शेडमध्ये बसून सोयामिल्क पीत होते, तेव्हा त्यांनी कौतुकाने विचारलं, "मिस्टर म्हात्रे, हे सगळं तुम्ही शिकलात कुठे?"

दिलीपदादा म्हणाले, "मी शिकारी होतो. ही बदकं मी मारलीत."

कुणीतरी हसलं, बहुधा विनोद समजून. मॅडम लिमनी ग्लास खाली ठेवला. "किती?" "मोजली नाहीत. शंभरावर नक्की." "आणि त्याचं तुम्हाला आता वाईट वाटतं?" हा प्रश्न म्हणजे त्यांनी उघडून धरलेलं दार होतं, हे मलाही कळलं. दिलीपदादांनी खूप वेळ विचार केला... आणि म्हणाले, "आम्ही ती खायचो, मॅडम. वाईट वाटतं असं म्हटलं तर ते खोटं होईल." मॅडम लिम उठून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी त्यांच्यावर चिडले. "काय गरज होती सांगायची? गावाकडे पक्षी बघायचो म्हणायचं." ते म्हणाले, "त्यांनी नीट विचारलं होतं, वैशाली. कुणी नीट विचारलं की नीट सांगावं." मला तेव्हा हा नुसता हट्ट वाटला होता.

पुढच्या महिन्यापासून मॅडम लिमनी त्यांना कालव्याकडचा शेवटचा पट्टा दिला. तिथे दोन-चार बगळ्यांशिवाय काही नसायचं. त्या त्यांच्याकडून तक्ता घ्यायच्या, पण मान वर करायच्या नाहीत. असं सात-आठ महिने चाललं. दिलीपदादा एकदाही चुकले नाहीत. बगळे मोजायचे, तक्ता द्यायचे, थँक यू म्हणायचे. मी त्यांच्याबरोबर त्याच पट्ट्यात. एकदा न राहवून मी म्हटलं, दुसरा गट शोधू या. तर म्हणाले, "बगळ्यांनी काय वाईट केलंय?"

मग ती अडई सापडली. मधल्या मोठ्या तळ्यावर एक पक्षी चोच उघडू शकत नव्हता. कुणीतरी टाकलेली मासेमारीची नायलॉनची दोरी चोचीभोवती आणि पंखाच्या मुळाशी गुंडाळली गेली होती. त्याला धड खाता येत नव्हतं, पण होडी दिसली की फडफडत पन्नास फूट लांब जाण्याइतकी ताकद अजून होती. चार दिवस जाळी लावून झाली. पाचव्या दिवशी मॅडम लिमनी गटाच्या ग्रुपवर लिहिलं, की आता हा पक्षी फार तर दोन दिवस काढेल, कुणाला काही सुचत असेल तर सांगा. दिलीपदादांनी तो मेसेज मला बसमध्ये दाखवला आणि माझ्यासमोरच उत्तर टाईप केलं: मला पकडता येईल. शिकारीच्या पद्धतीने. तुमची परवानगी असेल तर.

तासभर काही उत्तर आलं नाही. मग आलं: ओके. या.

त्याच संध्याकाळी त्यांनी क्लेमेंटीच्या हार्डवेअरच्या दुकानातून तीन काळे प्लास्टिकचे टब घेतले. एकाला दोन भोकं पाडली. पाणथळीच्या अधिकाऱ्याने आधी चक्क नकार दिला, मग मॅडम लिमनी त्याच्याशी काय बोलणं केलं कोण जाणे, तो तयार झाला. "मगर असते का?" मी विचारलं. "या तळ्यात नाही," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "आजपर्यंत तरी नाही." दोन टब शेवाळ लावून दिवसभर तळ्यात नुसते तरंगत ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दिलीपदादा तिसरा टब डोक्यावर घेऊन पाण्यात शिरले. वय छप्पन्न, गुडघे दुखरे. ऋचा काठावर तोंड झाकून उभी होती. "बाबा, सो एम्बॅरसिंग ला!" ती पुटपुटली, सिंगापुरी वळणाने वाक्याला ‘ला’ जोडून. मग हळूहळू तिचा हात खाली आला.

कारण तो टब हलतोय हे कळतच नव्हतं. बघत राहिलं तर जागेवरच असायचा, नजर काढून पुन्हा बघितलं तर चार हात पुढे. पस्तीस-चाळीस मिनिटं गेली. दुसऱ्या अडया त्याच्या कडेने पोहत गेल्या. तो त्या जखमी पक्ष्याच्या जवळ पोहोचला, आणि पक्षी एकदम दिसेनासा झाला. पाण्यावर नुसती वलयं. मग टब वर उचलला गेला आणि खाली दिलीपदादांचा चेहरा दिसला, आणि दोन्ही हातांत उंच धरलेली अडई. काठावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम लिमनी वाजवल्या नाहीत. त्या पुढे झाल्या, टॉवेलात पक्षी घेतला आणि पशुवैद्याच्या गाडीकडे चालू लागल्या. दहा दिवसांनी तो पक्षी पुन्हा त्याच तळ्यावर सोडला.

पण पक्षी पकडल्यानंतरच्या सोमवारी बसमध्ये दिलीपदादांचा चेहरा उतरलेला होता. मी अभिनंदन करायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत होते. "पाय हातात आले ना," ते म्हणाले, "आणि हाताने खाली ओढलं. मी नाही, हाताने. पस्तीस वर्षांनी. अंगठा मानेपर्यंत गेला होता... एक पिळा द्यायचा बाकी होता. मग मला आठवलं, की मी कशाला आलोय." बस पुलावर होती. दोन्हीकडे समुद्र. "लोक टाळ्या वाजवत होते, वैशाली. मॅडमना सांगायला पाहिजे."

"सांगू नका," मी पुन्हा म्हटलं. या वेळी चिडून नाही. "आता कुठे त्या..."

"सांगणार," ते म्हणाले. "पण ग्रुपवर नाही. समोरासमोर."

त्यानंतर मॅडम लिमनी त्यांना मधल्या तळ्याच्या आडोशात, स्वतःच्या शेजारी उभं करायला सुरुवात केली. माफी वगैरे कुणी मागितली नाही. आकड्यांवरून दोघांची भांडणं व्हायची. "एकशे चाळीस, मिस्टर म्हात्रे." "एकशे पन्नासच्या खाली नाहीत, मॅडम." त्या घरून कायाचा, म्हणजे नारळाच्या गोड जॅमचा डबा आणायच्या, दिलीपदादा शुभावहिनींच्या हातचे तांदळाचे घावन. मी मधूनमधून विचारायचे, सांगितलंत का? ते म्हणायचे, "सांगेन. आज पाऊस होता." कधी म्हणायचे, "आज त्यांचा गुडघा दुखत होता." दोन वर्षं अशी गेली. कुणी नीट विचारलं की नीट सांगणारा हा माणूस, पण ही एक गोष्ट त्यांना कुणी विचारलीच नाही, आणि आपणहून सांगणं त्यांना जमलं नाही. मला ते तेव्हा जास्त जवळचे वाटले, हे आता कबूल करते.

मंडाईच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्काराच्या वेळी मॅडम लिम मागच्या रांगेत उभ्या होत्या, टोपी हातात धरून. त्या दिवशी बोलणं झालं नाही. गेल्या रविवारी मी पहिल्यांदाच एकटी क्रांजीला गेले. आडोशात आम्ही दोघीच होतो. बराच वेळ दोघीही दुर्बिणीतून बघत राहिलो. मला वाटलं, दिलीपदादांचं राहिलेलं काम माझ्याकडे आलंय. मी सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी पक्षी पाण्याखाली कसा गेला, ते चुकून झालं नव्हतं, पकडण्यासाठीही नव्हतं, हात जुन्या सवयीने मारायलाच गेला होता, अंगठा कुठवर पोहोचला होता, सगळं. माझं इंग्रजी अडखळत होतं.

मॅडम लिमनी तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माझा डोळा इथेच होता ना, असाच. पक्षी खाली गेला ते मी पाहिलं. नुसतं पकडायला इतका वेळ लागत नाही. मी श्वास रोखून धरला होता." मग थोड्या वेळाने, "आणि तो वर आला तेही पाहिलं."

"मग तुम्ही त्यांना कधी काही बोलला नाहीत?"

"त्यांना सांगायचं होतं. दर महिन्याला दिसायचं मला, आज सांगणार, आज सांगणार. मी थांबले होते." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मला वाटलं, वेळ आहे ला."

मग त्यांनी क्लिपबोर्डवर नवा तक्ता लावला आणि वर मोजणाऱ्यांची नावं लिहायच्या चौकोनात सवयीने पहिलं नाव लिहिलं: म्हात्रे. लिहून झाल्यावर त्या थांबल्या. पेन तसंच कागदावर टेकलेलं. त्यांनी ते खोडलं नाही. त्याच्याखाली स्वतःचं नाव लिहिलं, मग माझं, स्पेलिंग विचारून. आणि आम्ही मोजायला सुरुवात केली.