शेठच्या नावाची पुडी

दगडूअण्णा पंचवटीत लॉन्ड्री चालवत. कपड्यात सापडलेली कुठलीही वस्तू ते फेकत नसत. बसचं तिकीट असो, तुटलेलं बटण असो, पेपरच्या तुकड्यात बांधून वर मालकाचं नाव लिहीत आणि कपड्यासोबत परत देत. "ज्याचं त्याला गेलं पाहिजे," एवढंच म्हणत.

माझा द्राक्षांचा व्यापार पिंपळगावला. एका टेम्पोपासून सुरू करून पॅकहाऊसपर्यंत आलो, तो भाव पाडून घेण्याच्या जोरावर. अण्णांपुढे मात्र माझं कधी चाललं नाही. मी भाव पाडायला लागलो की म्हणत, "शेठ, तुमचा बाजार पिंपळगावला. इथं कपडा बोलतो, मी ऐकतो."

दीड वर्षापूर्वी मी त्यांच्याकडे मंगलची, माझ्या बायकोची, पैठणी घेऊन गेलो. नांदगावला तिच्या भावाकडे, विलासकडे, लग्न होतं. जेवण उरकून मंगल खुर्चीवरून उठली, तर पदराला हे भलंमोठं चिंगम! विलास सकाळपासून चिंगम चघळत होता. मी भर मांडवात त्याला झाडला. तो म्हणाला, "दाजी, पोरीची शपथ, माझं नाही ते." मी म्हणालो, "मग काय आभाळातून पडलं?" त्यानं माफी मागितली नाही, मी पुन्हा त्याच्या दारात पाऊल ठेवलं नाही. त्या दिवसापासून मंगल भाऊबीजेलाही माहेरी गेली नाही. मी अडवलं नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही आलात तर जाईन."

चिंगम वितळून निघेल म्हणून घरी मी त्यावर इस्त्री फिरवली होती. अण्णांनी पदर उजेडात धरला.

"इस्त्री कोणी केली?"

"मीच."

"तापलात ना? ह्याला ऊब दिली का हे पसरतं, शेठ. गार केलं का सुटतं."

शेजारच्या रसवंतीतून त्यांनी बर्फ आणला. रेशमाला पाणी लागू नये म्हणून एकात एक दोन पिशव्यांत बांधला आणि पदराखाली ठेवला. चिंगम खडखडीत झाल्यावर बोथट चमच्यानं एकेक कण उचलू लागले. तेवढा वेळ मी काउंटरला टेकून विलासच्या नावानं बोटं मोडत होतो आणि मजुरी कमी करायला सांगत होतो. अण्णा मधेच थांबले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "पाव्हण्याला बोललात ते माघारी घेता येईल का?"

"मी का घेऊ? चूक त्याची."

"बरं," म्हणाले. उरलेला चिकटपणा निलगिरीच्या तेलाच्या बोळ्यानं टिपायला त्यांनी पैठणी ठेवून घेतली.

दोन दिवसांनी पैठणी मिळाली. सोबत पुडी होती. पावतीवर मंगलचं नाव होतं, पुडीवर मात्र 'शेठ' लिहिलेलं. आत पदरावरचं चिंगम असणार, पण ते मला का, काही कळेना. चेष्टा करतात की काय? "हे विलासला पाठवा," मी ओरडलो. अण्णा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा सदरा झटकत शांतपणे म्हणाले, "नाव वाचूनच दिलीये. सवड झाली का उघडा." मी रागानं पुडी गाडीत टाकली, मग ती ऑफिसच्या खणात गेली. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलो नाही.

गेल्या महिन्यात अण्णा गेल्याचं कळलं. खण उपसून पुडी काढली. आत चिंगमच्या दोन गोळ्या होत्या. एकीला जरीचा बारीक धागा चिकटलेला. दुसरी कोरी. दोन्हींना पानाचा वास, अजूनही.

तंबाखू सोडायला मी मेडिकलमधून जे चिंगम आणतो, त्याला हाच वास असतो. विलासनं आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. आणि बोलणी रंगात आली की चिंगम काढून हाताशी असेल तिथं चिकटवायची माझी सवय सगळं पॅकहाऊस जाणतं. मांडवात ती मंगलची खुर्ची असणार. दुसरी गोळी त्यांनी स्वतःच्या काउंटरखालून काढली असणार.

अण्णांनी तोंडावर का सांगितलं नाही? गिऱ्हाईक जाईल म्हणून ते कधी गप्प बसले नव्हते. सांगितलं असतं, तर मी त्यांनाही विलाससारखंच झाडलं असतं का? बहुतेक. मला अजून त्यांचा राग येतो, आणि नेमका कशाचा ते सांगता येत नाही.

काल मंगलला म्हटलं, "पैठणी काढून ठेव, रविवारी नांदगावला जाऊ." ती लगेच कपाट उघडायला उठली. पुडी माझ्या खिशात आहे. आयुष्यभर बोलणी केली, पण विलाससमोर पहिला शब्द कोणता काढायचा, ते मात्र अजून सुचत नाही.